घट्ट झालेल्या नेलपॉलिशसाठी थिनर : नागपूरच्या उन्हाळ्यात केलेली पारख

धरमपेठेतील सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानातून घेतलेला नेलपॉलिश थिनर मी उन्हाळाभर वापरला. घट्ट झालेले नेलपॉलिश पुन्हा नखांवर नीट बसेल इतके पातळ करण्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगा याहून खात्रीचा उपाय मला आढळलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगते. बाटली काचेची, १५ मिलिलिटरची आहे आणि मला ती दीडशे रुपयांच्या आत पडली. लेबलवर इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल एवढेच घटक छापलेले आहेत. रंग नाही, सुगंध नाही, तेल नाही. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण अशाच घटकांचा थिनर वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि हा माल घेताना नावापेक्षा घटकांची यादी वाचणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

नागपुरात राहणाऱ्यांना ही अडचण दर वर्षी येते. मार्च उलटला की हवा कोरडी पडते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ड्रेसिंग टेबलाच्या खणात ठेवलेल्या बाटल्या, विशेषतः वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखालच्या खोलीत असतील तर, एका उन्हाळ्यात पार बदलून जातात. एप्रिल-मेच्या लग्नसराईसाठी हौसेने घेतलेली बाटली भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या वेळी काढावी, तर टोपण फिरता फिरत नाही, आणि फिरलेच तर ब्रशबरोबर बाटलीतला रंग पाकासारखी तार धरून वर येतो. तसा रंग नखावर ओढला की मधोमध गठ्ठा साचतो, कडा उघड्या राहतात, वरून वाळल्यासारखा दिसणारा कोट आतून ओला राहतो आणि रात्री पांघरुणाची वीण त्यावर उमटते. बहुतेक घरांत अशी बाटली टाकून दिली जाते. वाईट याचे वाटते की आत निम्म्याहून अधिक रंग शिल्लक असतो आणि तो रंग मुळीच खराब झालेला नसतो.

तो खराब का झालेला नसतो, हे समजून घेतल्याशिवाय थिनरचे काम नीट कळत नाही. नेहमीचे नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज (नखावरचा पापुद्रा ज्याचा बनतो तो मुख्य पदार्थ), राळ, कोट लवचीक ठेवणारी द्रव्ये आणि रंगद्रव्ये हे सारे द्रावकात मिसळून केलेले मिश्रण असते, आणि ही द्रावके मुख्यतः इथाइल ॲसिटेट व ब्युटाइल ॲसिटेट असतात. नखावरचा कोट वाळतो, म्हणजे ही द्रावके उडून जातात आणि बाकीच्या पदार्थांचा पातळ पापुद्रा मागे उरतो. हीच क्रिया बाटलीच्या आतही संथपणे चालू असते. टोपण उघडे ठेवून दहा नखे रंगवताना, टोपणाच्या आट्यांवर रंग वाळून फट राहिल्यास, किंवा बाटली उष्ण जागी असल्यास ती वेगाने होते. इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते आणि ब्युटाइल ॲसिटेट १२६ अंशांना. परंतु उडून जाण्यासाठी उकळण्याची गरज नसते. तापमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर इथाइल ॲसिटेटचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडून जाण्याचा जोर, दुपटीहून अधिक होतो, आणि ४० अंश म्हणजे आपल्याकडील एप्रिलमधल्या साध्या दुपारचे तापमान. रंगद्रव्य, राळ आणि नायट्रोसेल्युलोज मात्र बाटलीतच राहतात. जे गेले तेवढेच परत घालायचे, इतका हा उपाय सरळ आहे, आणि थिनरमध्ये नेमकी तीच द्रव्ये असल्यामुळे तो लागू पडतो.

यादीत दोन्ही ॲसिटेट का हवीत, हा प्रश्न कोणालाही पडेल. ब्युटाइल ॲसिटेटच्या मानाने इथाइल ॲसिटेट सुमारे चौपट वेगाने उडते. नुसते इथाइल ॲसिटेट घातले, तर रंग बाटलीत पातळ दिसतो खरा, पण नखावर ब्रश फिरवता फिरवताच तो आवळू लागतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. नुसते ब्युटाइल ॲसिटेट घातले, तर रंग छान पसरतो, मात्र वाळायला फार वेळ घेतो. दोन्हींचे मिश्रण असेल, तर कोट आधी सपाट होण्याइतका वेळ ओला राहतो आणि मग वाजवी वेळात वाळतो. अल्कोहोल कशासाठी, असेही काही जणींना वाटेल. कोरडे नायट्रोसेल्युलोज अत्यंत ज्वलनशील असल्याने ते कारखान्यांना बहुधा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलसर करूनच पुरवले जाते; म्हणजे हा घटकही बहुतेक नेलपॉलिशमध्ये आधीपासून असतोच. मी घेतलेल्या थिनरची खरी गुणवत्ता या घटकांच्या परस्पर प्रमाणात आहे. त्याने पातळ केलेला रंग नव्या बाटलीतल्या रंगाच्या जवळपास तितक्याच वेळात वाळतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी सविस्तर सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे गर्द मरून रंगाची एक बाटली आहे. ती छटा आता दुकानात मिळत नाही, म्हणून त्यांनी ती जपून ठेवलेली आहे, आणि त्यांना ती पुन्हा लावता यावी, हीच माझी हा थिनर आणण्यामागची मुख्य इच्छा होती. बाटलीच्या गळ्याभोवती वाळलेल्या रंगाचे जाड कडे चढले होते, त्यावर टोपण तिरपे बसत होते, आणि तिरप्या टोपणातून हवा आत-बाहेर होत राहिल्याने आतला रंग तळाशी घट्ट बसला होता. बाटली आडवी केली, तरी रंग जागचा हलत नव्हता.

अशा वेळी लगेच थिनर ओतण्याची घाई करू नये. अनेक नेलपॉलिशमध्ये रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून बेंटोनाइट किंवा हेक्टोराइट जातीची प्रक्रिया केलेली चिकणमाती असते. या मातीचा धर्म असा, की मिश्रण बराच काळ स्थिर राहिले की ते घट्ट होते आणि घुसळले की पुन्हा सैल पडते. म्हणून पुष्कळ दिवस न उघडलेली बाटली घट्ट वाटली, तरी तिच्यातले द्रावक कमी झालेले असेलच असे नाही. बाटली दोन्ही तळव्यांत धरून दोन मिनिटे फिरवावी. तेवढ्याने रंग सैल पडला, तर थिनरची मुळीच गरज नाही. माझ्याकडील काही बाटल्या एवढ्यानेच ठीक झाल्या, आणि हे आधी तपासले नसते, तर त्यांच्यात विनाकारण थिनर पडून त्यांचा रंग फिका झाला असता. मरून बाटली मात्र तळव्यांत कितीही फिरवली तरी सैल पडली नाही.

आधी कापडाची चिंधी रिमूव्हरमध्ये भिजवून तिने गळ्यावरचे कडे पुसून काढले. कापूस वापरू नये, कारण त्याचे तंतू ओल्या रंगात अडकतात आणि पुढे नखावर येतात. गळा स्वच्छ झाल्यावर काचेच्या ड्रॉपरने थिनरचे तीन थेंब आत सोडले. ते लगेच मिसळत नाहीत. रंगावर पारदर्शक थर साचतो, बाटली उभी धरून पाहिल्यास मरून आणि रंगहीन यांच्यातली सीमारेषा स्पष्ट दिसते, आणि तळव्यांत फिरवायला लागल्यावर त्या थरातून गर्द रंगाच्या शिरा वर चढताना दिसतात. शिरा पूर्ण नाहीशा होईपर्यंत फिरवत राहावे. जोरजोराने हलवल्यास हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि तेच पुढे कोटावर उमटतात. एवढ्यासाठी बाटली फिरवावी, आपटू नये. मिसळून झाल्यावर टोपण घट्ट लावून ती थोडा वेळ तशीच ठेवली, मग ब्रश उचलून पाहिला. तार अजून सुटत होती, म्हणून पुन्हा दोन थेंब घातले. इतकी वाळलेली बाटली एका बैठकीत ठीक होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बसलेला घट्ट थरही भिजून सैल झाला, आणि दुसऱ्या दिवशी ब्रशच्या टोकावर रंगाचा थेंब जमून सावकाश खाली सुटू लागला. रंग लावण्याजोगा झाल्याची हीच खूण आहे. जाऊबाईंनी त्या संध्याकाळी दोन कोट लावले. छटा जशीच्या तशी होती, चमक होती, आणि घरातली भांडी घासूनही तो कोट नेहमी टिकतो तितके दिवस टिकला.

थेंब मोजून घालण्याचा आग्रह कशासाठी, तेही सांगते. ९ मिलिलिटरच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीला एका वेळी दोन ते तीन थेंब पुरे होतात. जास्त पडले, तर रंगद्रव्य तेवढेच राहून द्रव वाढतो, कोट पारदर्शक पडतो, दोनऐवजी चार कोट द्यावे लागतात, आणि रंगद्रव्याला तरंगत ठेवणारी मातीची घडण विरळ झाल्यामुळे रंग तळाशी बसू लागतो. अशी वेळ आलीच, तर टोपण काढून बाटली मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, थोडा वेळ उघडी ठेवावी. जास्तीचे द्रावक उडून जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा वेळ फारच थोडा असतो, म्हणून लक्ष ठेवून राहावे.

बाजारात मिळणाऱ्या इतर सल्ल्यांविषयी लिहिणे भाग आहे. सीताबर्डीतील एका दुकानात मी थिनर मागितला, तेव्हा काउंटरवरच्या भाऊंनी रिमूव्हरची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "हेच टाका ना ताई, दोन थेंबांनं काही होत नाही त्याले." ते आपल्या परीने मदतच करत होते आणि हा सल्ला घरोघरी दिला जातो, परंतु तो चुकीचा आहे. साध्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते. ते नायट्रोसेल्युलोज विरघळवते, म्हणून पहिल्या दिवशी रंग पातळ झालेला दिसतो आणि सल्ला खरा वाटतो. पण ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, इथाइल ॲसिटेटपेक्षाही लवकर उडते, आणि बाटली काही दिवसांत पुन्हा पहिल्यासारखी होते. शिवाय रिमूव्हर हा नखावरचा रंग काढण्यासाठी बनवलेला असतो आणि त्यात बहुधा पाणी, ग्लिसरीन किंवा तेल, सुगंध आणि कधी कधी रंगही घातलेला असतो. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. पाणी आत गेले, की गुठळ्या होतात आणि वाळलेला कोट दुधट, निस्तेज दिसतो. तेलामुळे कोट नखाला धरत नाही आणि सालपटे निघतात. ॲसिटोनविरहित रिमूव्हरबाबत गैरसमज अधिक आहे, कारण त्यात अनेकदा इथाइल ॲसिटेटच असते आणि लेबल वाचणाऱ्यालाही तो थिनरच वाटू शकतो. पण त्यातही पाणी आणि तेल असते, तेव्हा तोही बाटलीत घालू नये. रिमूव्हरचा उपयोग गळा पुसण्यापुरता ठेवावा. ते काम तो उत्तम करतो.

दुसरा सल्ला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर वापरण्याचा. तो लिटरच्या डब्यात स्वस्त मिळतो, आणि सल्ला देणारे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदीच भलतीकडे नसतात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले आणि आजचे नेलपॉलिश त्याच जातीच्या रंगांतून पुढे आलेले आहे. असे असले, तरी लाकडाच्या आणि गाड्यांच्या रंगासाठीचा हा थिनर सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवलेला नसतो. त्यात अनेकदा टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके असतात, प्रमाण प्रत्येक डब्यात वेगळे असू शकते, आणि शरीराला लागणाऱ्या वस्तूसाठीची शुद्धता त्यात पाळलेली असेलच असे नाही. चार पैसे वाचवण्यासाठी तो नखांना, त्वचेला आणि श्वासाला लावून घेण्याचे काहीही कारण नाही. मुलींच्या बाटल्यांत तर तो कदापि घालू नये.

गरम पाण्याचा उपाय निराळा आहे. बाटलीचे टोपण घट्ट लावून ती कोमट पाण्याच्या वाटीत थोडा वेळ ठेवली, की रंग उष्णतेने सैल होतो आणि त्या बैठकीपुरता नीट लावता येतो. यात काही बिघडत नाही, मात्र गेलेले द्रावक परत येत नाही, त्यामुळे थंड झाल्यावर बाटली पूर्ववत घट्ट होते. अडलेले टोपण सोडवण्यासाठी ही युक्ती मला जास्त आवडते. पाणी गॅसवर असताना बाटली त्यात कधीही धरू नये. फ्रीजमध्ये ठेवल्याने बाष्पीभवन मंदावते हे खरे, पण गार रंग जास्तच घट्ट वाटतो आणि बाटली काढल्याबरोबर उघडली, तर हवेतले बाष्प आत गळ्याशी जमते. पावसाळ्यात तर ते हमखास होते. मी फ्रीजऐवजी घरातल्या सर्वांत गार खोलीतले कपाट निवडले आहे.

थिनरने काय होत नाही, हेही ग्राहकाला आधी कळले पाहिजे, कारण विकणारे ते सांगत नाहीत. पार्लरमध्ये दिव्याखाली वाळवतात ते जेल पॉलिश या थिनरने सुधारत नाही. ते द्रावक उडून वाळत नाही, तर अतिनील प्रकाशाने त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक होते, आणि उजेडात राहून घट्ट झालेल्या बाटलीतले हे जोड थिनर सोडवू शकत नाही. लहान मुलींसाठी येणारी, सोलून काढता येणारी पाण्यावर आधारित पॉलिशही याच्या कक्षेबाहेर आहेत. चकाकीच्या बाटलीत थिनर थोडाच घालावा, कारण द्रव पातळ झाला की जड चमकी भराभर तळाशी जाते. झटपट वाळणारे टॉप कोट मुळातच लवकर घट्ट होतात, आणि काहींमध्ये वेगळी द्रावके असल्याने त्यांच्या उत्पादकाने स्वतंत्र थिनर सुचवला असेल, तर तोच घेणे बरे. बाटलीतला रंग पूर्ण वाळून खडा झाला असेल, त्याला आंबट किंवा कुजकट वास येत असेल, किंवा फिरवूनही रंगाचे थर एकजीव होत नसतील, तर खटपट सोडून द्यावी. अशी बाटली मोरीत ओतू नये. रंगाचे रिकामे डबे ज्या घरगुती घातक कचऱ्यात जातात, त्यातच तीही वेगळी बांधून द्यावी.

खरेदीच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे, की लेबल पूर्ण वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असणे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि यादीत ज्याचे प्रमाण अधिक त्याचे नाव आधी येते. इतवारीत आणि बर्डीत फिरताना मला अशा बाटल्याही दाखवण्यात आल्या, ज्यांच्यावर चकचकीत चित्राखेरीज काहीच नव्हते. एकीला तर उघडताच रिमूव्हरचा ओळखीचा वास आला. ज्या दुकानदाराने "थिनर आणि रिमूव्हर एकच" असे छातीठोकपणे सांगितले, त्याच्याकडून मी काही घेतले नाही. याउलट धरमपेठेतल्या ताईंनी मला आधी विचारले, की साधे नेलपॉलिश आहे की जेल, आणि मग बाटली काढून यादी दाखवली. ग्राहकाला असे विचारणारे दुकान शहरात असणे ही मोठी सोय आहे. ती वाट थोडी लांबची पडली, तरी मी तिथेच जाईन. घटकांत ॲसिटोन, पाणी, ग्लिसरीन किंवा सुगंध दिसला, तर ती वस्तू थिनर म्हणून घेऊ नये. इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट ही दोन नावे मात्र दिसलीच पाहिजेत.

वापरताना आगीचे भान ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, आणि याबाबत बाटलीवरची सूचना मला फारच बारीक अक्षरांत छापलेली आढळली. इथाइल ॲसिटेटची वाफ शून्याखालच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते, तर नागपूरच्या मे महिन्याविषयी बोलायलाच नको. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. देवघरात समई तेवत असेल, जवळ डासांची कॉइल लावलेली असेल किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असेल, तर तिथे ही बाटली उघडू नये. खिडकी उघडी असावी, पण कूलरच्या झोतात बसूनही हे काम करू नये. झोताने द्रावक लगेच उडते, आणि कूलरची हवा दमट असल्याने ओल्या कोटावर धुरकट पांढरी झाक येते. बऱ्याच जणींना तो रंगाचा किंवा थिनरचा दोष वाटतो. द्रावक भराभर उडताना कोटाचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर जमते, एवढेच त्याचे कारण असते. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी दिवसांतही हेच घडते, तेव्हा अशा दिवसांत कोट पातळ द्यावा आणि दोन कोटांमध्ये जास्त वेळ ठेवावा. थिनरचा थेंब पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर सांडल्यास तेथे डाग पडतो. खाली जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर स्टीलची थाळी ठेवावी. लहान मुलांच्या हाती बाटली लागणार नाही, अशीच ती ठेवावी.

या उत्पादनाबाबत माझी एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे: बाटलीबरोबर ड्रॉपर दिलेला नाही. गळा रुंद आहे, बाटली तिरपी केली की थेंबाऐवजी धार पडते, आणि ज्या वस्तूचा सारा उपयोग थेंब मोजण्यावर अवलंबून आहे, तिच्यात ही उणीव खपवून घेण्यासारखी नाही. ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्याकडून पहिल्याच वेळी जास्त थिनर पडेल आणि दोष थिनरला दिला जाईल. उत्पादकाने निमुळते तोंड किंवा काचेचा ड्रॉपर दिला, आणि त्यासाठी दहा-वीस रुपये जास्त घेतले, तरी माझी हरकत नसेल. तोपर्यंत औषधाच्या दुकानातून काचेच्या नळीचा ड्रॉपर घ्यावा आणि त्याच्या रबरी फुग्यापर्यंत द्रव चढू देऊ नये, कारण ॲसिटेटमुळे रबर फुगून सैल पडते. स्वस्त, कडक पारदर्शक प्लॅस्टिकचे चमचे आणि थर्माकोलचे कप यांत थिनर मुळीच काढू नये; ते पॉलिस्टायरीनचे असतात, ॲसिटेटमध्ये विरघळतात आणि ते विरघळलेले प्लॅस्टिक रंगात जाते. काम झाल्यावर थिनरचे टोपण लगेच घट्ट लावावे, कारण नेलपॉलिशमधून जी द्रव्ये उडतात, तीच या बाटलीतही आहेत. फार वाळलेल्या बाटलीलाही एकूण चार-पाच थेंबच लागत असल्याने १५ मिलिलिटरची बाटली एका घराला दीर्घ काळ पुरते. पार्लर चालवणाऱ्या भगिनींनीच मोठी बाटली घ्यावी, घरासाठी ती घेऊ नये.